नंदादीपाची जागा

आषाढी एकादशीला रेवतीकाकूंनी स्वयंपाकघरातल्या देवापुढे नंदादीप लावला, आणि दुसऱ्या दिवशी ते स्वयंपाकघर माजघराखाली सरकू लागलं. ना आवाज, ना तडा. परसदार मातीत गेलं आणि माजघराची फरशी ओट्यावर छतासारखी पुढे आली.

काकूंचे यजमान अच्युतराव नोकरीभर जहाजावरून समुद्रतळाखालचं गुरुत्वाकर्षण मोजत हिंडले होते. त्यांनी उंबऱ्याशी ओणवं होऊन फरशीची कड चाचपली.

“जड भूपट्ट हलक्याखाली जातो. तुझी ही पितळेची भांडी.”

“अहो, मग वर घ्या ना ती.”

घेतली. तरी सरकणं चालूच राहिलं.

“एकदा ओढ लागली की थांबत नाही,” ते म्हणाले.

काकू आधी वाकून वावरल्या, मग बसून. भाद्रपदात दिव्यातलं तेल एका काठाला चढलं आणि समुद्राकडची वात कोरडी पडू लागली.

“तिकडे तळाखाली ओढ कमी आहे. तेल इकडेच यायचं,” अच्युतरावांनी सांगितलं.

मग काकू बोटाने तेल वातीपर्यंत आणू लागल्या. बोट काढलं की ज्योत बारीक व्हायची, म्हणून जागचं उठणंच संपलं.

“आई, दिवा घेऊन बाहेर या,” सून मृणाल फटीतून म्हणाली. “अजून माणूस मावतंय.”

“लावलेला नंदादीप जागचा हलवत नाहीत गं. कार्तिकीला उद्यापन झालं की येते.”

“तोवर फट राहायला हवी ना!”

“नैवेद्य आत येतोय ना? मग झालं तर.”

“नैवेद्य येतोय हो. तुम्ही कशा याल?”

आश्विनात फटीतून वाटी येईना. मृणाल नुसती भाकरी सरकवू लागली, पुढे केळीच्या पानावर थापलेला भात. काकू कोपरावर आडव्या झाल्या. माजघराची फरशी आता खालून कपाळाला टेकत होती.

मग फट मिटली.

“मृणाल, आज तिथी कोणती?”

“दशमी, आई. उद्या कार्तिकी.”

काकूंनी बोटाने तेल ओढलं. पुष्कळ वेळाने पुन्हा विचारलं.

“दशमी.”

तिथीची वृद्धी असेल, होते कधी कधी, असं म्हणून काकूंनी पुन्हा तेल ओढलं.

तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा वरची पावलं थांबली, बरोबर दिव्याच्या वर.

“बाबा, इथली फरशी कोमट लागतेय.”

“दिवा असेल. रांगोळी काढ तिथे.”

मृणालची चिमूट फरशीवर गोल फिरताना काकूंना खालून ऐकू आली. ज्योतीला उभं राहायला जागा उरली नव्हती. ती फरशीच्या पोटाला चिकटून आडवी झाली आणि समुद्राच्या दिशेने वाहू लागली. काकूंचं बोट तेलातच होतं.