नऊ किलोंचा कोट

शिंपीणबाईने चोपन्नाव्या वर्षी आयुष्यात पहिल्यांदा व्यायामशाळेतला लोखंडी दांडा उचलला, आणि तोही रागाने. राग मुलावर होता.

झालं होतं असं. नवरा, निवृत्त पोस्टमन, अर्धांगवायूच्या झटक्यानंतर खुर्चीला खिळला होता. एका दुपारी खुर्चीतून पलंगावर नेताना तो तिच्या हातून निसटला आणि दोघंही जमिनीवर आली. शेजारीण येईपर्यंत पाऊण तास तशीच पडून राहिली. दुसऱ्याच दिवशी मुलगा वृद्धाश्रमाचा फॉर्म घेऊन हजर.

"आई, बाबांचं वजन अडुसष्ट किलो आहे. तुझं वय बघ."

"वय काय बघायचंय? ते कुठे पळून चाललंय?" ती म्हणाली. "पाच महिने दे. तुझ्या डोळ्यांसमोर ह्यांना एकटीने पलंगावर नेऊन दाखवते. नाही जमलं तर मीच सही करते."

मुलगा कबूल झाला. तोवर नवऱ्याची उचल-ठेव शेजारणीची दोन पोरं करणार होती. फॉर्म मात्र त्याने घडी करून खिशात ठेवला.

व्यायामशाळा टायरच्या दुकानाखालच्या तळघरात होती. शिकवणारी पोरगी मुलाहूनही लहान, आवाज मात्र हवालदाराचा. दिवसभर "पाठ सरळ!" ओरडायची, म्हणून शिंपीणबाईने तिचं नावच पाठसरळ ठेवलं. नुसता दांडाच वीस किलोचा निघाला. आरशासमोरचे दोन पहिलवान गालातल्या गालात हसले. शिंपीणबाईने त्यांना मापाच्या नजरेने न्याहाळलं.

"छाती बेचाळीस आणि पायांच्या काड्या," ती म्हणाली. "पँट शिवायची असेल तर या. कापड निम्मंच लागेल."

पुन्हा कुणी हसलं नाही.

चौथ्या महिन्यात दांडा सत्तर किलोवर गेला, तरी पाठसरळचं समाधान होईना. "काकू, दांड्याला धरायला जागा असते. माणसाला कुठे असते?" मग शिंपीणबाईने जाड कॅनव्हासचं पोतं शिवलं, दुहेरी शिलाईचं, आणि एकेक किलोच्या वाळूच्या पिशव्या. रोज दोन-चार पिशव्या पोत्यात वाढवायच्या, पोत्याला मिठी मारायची, टाचांनी जमीन दाबायची आणि उठायचं. पोतं पन्नासवर पोचलं. उरलेलं नवऱ्याचा चांगला पाय बघून घेईल, असा हिशेब. गुडघे कुरकुरले, कंबरेने असहकार पुकारला, पण तिने कुणालाच दाद दिली नाही. घरी आल्यावर कण्हायची तेवढी, आणि कण्हता कण्हता पाठसरळच्या ओरडण्याची नक्कल करायची. नवरा समोरून बघत राहायचा. त्याच्या खिडकीतली कबुतरं मात्र त्या दिवसांत मजेत होती, चांगली गलेलठ्ठ.

ठरलेल्या दिवशी मुलगा आला आणि हाताची घडी घालून भिंतीला टेकला. तिने नवऱ्याच्या बगलेखालून हात घातले, पाठीमागे बोटं गुंफली आणि उठली. तो उठला, वळला, पलंगावर बसला. मुलाने टाळ्या वाजवल्या.

ती मात्र आपल्या हातांकडे बघत उभी राहिली. पाच महिन्यांपूर्वी त्याच्या पाठीमागे तिची बोटं जेमतेम टेकायची. आज मनगटं धरता आली असती. अख्ख्या गल्लीचं माप नजरेने सांगणारी बाई ती, आणि घरातल्या माणसाचं माप तिने घेतलंच नव्हतं. आजारपणापासून त्याच्या अंगावर सगळं ढगळच असायचं. तिने टेप काढली. चाळीसची छाती छत्तीसवर आली होती.

"मागच्या तपासणीला दवाखान्यात वजन किती भरलं?"

नवऱ्याने खाली बघितलं. "एकोण... साठ. नर्सला म्हटलं, सांगू नको." मग खिडकीकडे मान वळवून अडखळत म्हणाला, "तू कण्हायचीस. म्हटलं... हलका होतो."

तिचे डोळे भरून आले, आणि त्याचाही तिला राग आला. "मी तिकडे अडुसष्ट किलोंसाठी घाम गाळतेय, आणि तुम्ही इकडे उपाशी राहून कबुतरं पोसताय?"

"जाऊ दे ना आई," मुलगा म्हणाला. "जमलं तुला. जिंकलीस."

"कुठे जिंकले? बोलणं अडुसष्टचं झालं होतं."

तिने नवऱ्याला परत खुर्चीत बसवलं. कपाटातून त्याचा पोस्टाचा जुना कोट काढला. तो तिनेच शिवलेला, टपाल मावावं म्हणून चार मोठे खिसे ठेवलेला. कोट त्याला घातला आणि प्रत्येक खिशात घरी शिल्लक ठेवलेल्या वाळूच्या पिशव्यांपैकी दोन-दोन कोंबल्या. नववी त्याच्या चांगल्या हातात दिली.

"धरा. ही तुमचीच आहे."

तिने पुन्हा मिठी घातली. ह्या वेळी तो हललाच नाही. मग हलला आणि निम्म्यावर अडकला. तिच्या मांड्या थरथरल्या. मुलगा धावला.

"मागे हो!" ती ओरडली.

तेवढ्यात तिच्या कानाशी नवरा पुटपुटला, "पाठ... सरळ."

तिने पाठ सरळ केली. टाचा दाबल्या. तो उठला, कोटासकट, वाळूसकट, आणि पलंगावर असा बसला की फळ्या करकरल्या.

मुलाने खिशातला फॉर्म काढला आणि हार मानून तिच्या हातात दिला. मागची बाजू कोरी होती. तिने कानावरची पेन्सिल काढून तिथे लिहिलं, छाती छत्तीस, आणि त्याखाली, पाहिजे चाळीस. कागद नवऱ्याच्या डोळ्यांसमोर भिंतीला टाचला.

"माझे नऊ किलो मला परत पाहिजेत," ती त्याला म्हणाली, आणि जाऊन खिडकी लावून आली.