रिकाम्याचं माप

पाणी खडकावरच्या धोक्याच्या खुणेला टेकायला वीतभरच राहिलंय, असं तळ्याचं पाणी मोजणाऱ्या सतार आजोबांनी इरिसबेकला फोनवर सांगितलं. हिमनदीखालचं ते तळं दरवर्षी उतरतंय, असं त्याच्या बायकोचा, बुरुलचा, शोधनिबंध सांगत होता. ती हिवाळ्यातच वारली होती.

तुमचे आकडे तर कमी कमी होत गेले, असं तो म्हणाला.

"होणारच. खुणेपासून पाण्यापर्यंत दोरी सोडतो मी. घोडीच्या आंबट दुधाच्या, कुमिसच्या, कातडी पिशवीत किती रिकामं उरलंय तेच बघतात ना, बाळा?"

तळ्यावरच्या जुन्या मापन केंद्राची पट्टी पाणी तळापासून मोजायची. केंद्र बंद पडून काम आजोबांकडे आलं, तरी बुरुलच्या प्रोग्रॅमनं त्यांचेही आकडे पाण्याची खोली म्हणूनच घेतले. इरिसबेकनं ते उलटे करून पुन्हा चालवले. आलेखाची रेघ वर चढत गेली.

मेलेल्या माणसाची चूक कशाला उकरतोस, उन्हाळा सरू दे, असं त्याच्या संस्थेचे संचालक म्हणाले. त्यानं आपत्ती खात्याला कळवलं, नियतकालिकाला दुरुस्ती पाठवली आणि तळ्याच्या खाली वसलेल्या बुरुलच्या गावची वाट धरली.

इशारा मिळून गाव उताराच्या वर सरकत होतं. फक्त सासूबाई, कलिपाआपा, नदीकाठच्या घरात कणीक मळत बसल्या होत्या. लेकीच्या निबंधाच्या भरवशावरच त्या काठावर परतल्या होत्या. बाहेर पाणी गढूळ झालं होतं.

"आपा, चला. हिशेब चुकला होता."

"कुणाचा?"

त्यानं भिंतीवरच्या बुरुलच्या फोटोकडे पाहिलं.

"ती होती तेव्हा तिच्यापुढं तोंड उघडत नव्हतं तुझं. आता बरं फुटलं."

"मीही तपासला होता आपा. माझंही नाव आहे त्यावर."

"मग चूक तुझीच म्हण. चार माणसांत म्हण. तरच उठेन."

वरून दगड गडगडल्याचा आवाज आला. इरिसबेक अंगणात गेला आणि गाडीत सामान चढवणाऱ्या शेजाऱ्यांना म्हणाला, "हिशेब माझा चुकला. बुरुलचा नाही." आपांनी पिठाचे हात पुसले, पातेलं झाकलं आणि त्याच्या मागून चढ चढू लागल्या.

तळ्याला चर खणून पाणी हळूहळू सोडायचं काम अजून चालू आहे. दुरुस्ती छापून आली, दोघांच्या नावानं, चूक बुरुलच्या प्रोग्रॅममध्ये झाली ते सांगून. आपांना ती वाचून दाखवायची राहिली आहे.