सहाशे बारा, निखाडे देवकी

"थांबा मॅडम! ह्या देवकी नाहीत."

शाळेतल्या मतदान केंद्रावर पहिल्या टेबलावरच्या बाईंनी 'सहाशे बारा, निखाडे देवकी' असा पुकारा केला, जिजाबाई पदर सावरून पुढे झाल्या आणि तेवढ्यात कोपऱ्यातला पोलिंग एजंट प्रीतम ताडकन उठला. प्रीतम त्यांच्याच गल्लीतला.

"यायले मी लहानपणापासून ओळखतो. ह्या जिजाआजी. देवकी म्हणजे यायची सासू. घरावर पाटीच आहे ना, 'देवकी सदन'! माझ्या जन्माच्या अगोदरच वारली ते. मेल्या माणसाचं मत टाकून राहिले मॅडम, अन् तुम्ही पाहून राहिल्या!"

रांगेत कुजबुज सुरू झाली. चौऱ्याहत्तर वर्षांच्या बाईला भर बूथवर लबाड ठरवलं म्हणजे काय! जिजाबाईंची कानशिलं तापली.

मागे नात गार्गी उभी होती, आयुष्यातलं पहिलं मत द्यायला आलेली. ती मदतीला धावली आणि तिनं घोळ आणखी वाढवला. "मॅडम, यादीतच चुकलं असेल हो. आजीचं नाव जिजाबाईच आहे."

"घ्या! नातच सांगून राहिली," प्रीतम म्हणाला आणि नियमाप्रमाणे आक्षेपाचे दोन रुपये त्यानं टेबलावर ठेवले.

केंद्राध्यक्ष वैभवी मॅडम हिंगण्याकडच्या एका शाळेत शिकवायच्या. त्यांनी जिजाबाईंचं मतदार कार्ड हातात घेतलं. फोटोत नुसता काळा डाग, तो सुनेचा म्हणा की सासूचा म्हणा. "आजी, आक्षेप आलाय, मला चौकशी करावी लागेल. दुसऱ्याच्या नावावर मत द्यायला आलेला माणूस सापडला तर त्याला पोलिसांच्या ताब्यात द्यावं लागतं. तुमचं नाव काय?"

"देवकी," जिजाबाई म्हणाल्या.

गार्गीनं आ वासला.

आता हे सगळं त्या चार टेबलांसमोर कसं सांगायचं? माहेरी त्या देवकीच होत्या. पण लग्नाच्या मांडवातच कळलं की सासूबाईही देवकी. सासूचं नाव सुनेला चालतंय होय! ताटातल्या तांदळात 'जिजा' असं लिहिलं गेलं आणि देवकी संपली. पुढे सासऱ्यांनी हौसेनं घराला बायकोचं नाव दिलं. पन्नास वर्षं जिजाबाई स्वतःच्याच नावाच्या पाटीखालून ये-जा करत होत्या, आणि ती पाटी त्यांची नव्हती.

लग्नाला फार दिवस झाले नव्हते तेव्हा एकदा मतदार यादीवाला दारात आला. घरात मोठं माणूस कोणी नव्हतं. दाराआडून त्यानं नाव विचारलं आणि जिजाबाईंच्या तोंडून निघून गेलं, देवकी. त्यानं लिहून घेतलं. सासूबाई आठ दिवस फुगून बसल्या. सासरे म्हणाले, "राहू द्या. मत देताना कोण पाहते!"

बहात्तर साली त्यांनी विधानसभेसाठी पहिलं मत दिलं. त्यानंतर मतदारसंघाच्या हद्दी सरकल्या, कागदावरचा शिक्का जाऊन मशीन आली, एकविसाचं वय अठरा झालं. आमदार आले, गेले, काही तर झेंडा बदलून परत आले. विधानसभेची जिजाबाईंची एक खेप चुकली नाही. अठ्ठ्याहत्तरला धाकटा पोटात होता, नववा महिना, तरी चालत गेल्या. गांधीबागेतल्या दुकानांच्या साड्यांना फॉल-पिको करून कंबर धरली होती, तरी रांगेत उभ्या राहिल्या. मत कोणाला द्यायचं हे घरातले पुरुष आदल्या दिवशी बजावायचे. त्या "हो" म्हणायच्या आणि आत जाऊन मनाला येईल तेच करायच्या. तिथे देवकीचं राज्य होतं. आज बाराव्या खेपेला तिलाच चोर ठरवत होते.

"आजी, कार्डावर पतीचं नाव आहे. तेवढं सांगा."

सहा वर्षं झाली त्यांना जाऊन. त्यांच्या हयातीतही 'हे', 'अहो', पुढे 'गार्गीचे आबा'. बँकेत, दवाखान्यात मुलगाच सांगायचा. उखाण्याशिवाय ते नाव जिजाबाईंच्या ओठांवर कधी आलंच नव्हतं.

"मी सांगू का?" गार्गीनं विचारलं.

"नाही. मतदारानंच सांगायचं."

सवयीनं जीभ यमक शोधायला लागली. पण हे काय हळदीकुंकू होतं? जिजाबाईंनी मान वर केली.

"मनोहर," त्या म्हणाल्या. मग आणखी मोठ्यानं, पार रांगेच्या टोकापर्यंत ऐकू जाईल असं, "मनोहर निखाडे. मी त्यांची बायको, देवकी. अन् सासूचंही नाव देवकीच होतं, मी काय करू!"

रांगेत कोणीतरी हसलं. वैभवी मॅडमनी कार्ड आणि यादी ताडून पाहिली. "पती मनोहर, बरोबर. वय चौऱ्याहत्तर. प्रीतमभाऊ, तुमच्या जन्माआधी वारलेली सासू आज सुनेएवढी, चौऱ्याहत्तरची कशी असेल हो? आक्षेप फेटाळला. आजी, इथे सही करा."

जिजाबाईंनी पेन घेतलं, सावकाश 'देवकी' लिहिलं, वळणदार.

प्रीतमचं तोंड एवढंसं झालं होतं. "आजी, माफ करजा."

"माफी काहून गा? तू तुझं काम केलं. मेल्याचं मत कोणी टाकत असन तं असाच उठत जाय."

बोटाला शाई लागली. पुठ्ठ्याच्या आडोशामागून मशीनचा लांब आवाज आला. त्या बाहेर आल्या तेव्हा ताठ चालत होत्या, आणि ऊर भरून आला होता हे कबूल करायला त्यांना लाज वाटली नसती.

गार्गी मत देऊन धावतच आली. "आजी, तुझं नाव देवकी आहे, हे मले कधीच काहून नाही सांगितलं वं?"

"पन्नास वर्षांत कोणी विचारलं काय?"

दोघी शाळेच्या फाटकातून बाहेर पडल्या. रस्त्याला लागल्यावर आजी दोन पावलं पुढे गेली, तेव्हा गार्गीनं मागून हळूच हाक मारली, "देवकी!"

म्हातारीनं लगेच ओ दिली.