दहावी चौकट

"हात लावू नका म्हटलं ना," काच घासणाऱ्याने स्क्रू पिळता पिळता मान वर न करताच सांगितलं.

साडूने टेबलावरच्या छोट्या गाडीवरचा हात काढला, पण हसणं काही थांबवलं नाही. "साडूभाऊ, अजून हीच का? मला वाटलं एव्हाना भंगारात गेली असेल."

काच घासणाऱ्याने पुढचा स्क्रू पिळायला घेतला. या माणसाशी बोलणं म्हणजे तोंडाची वाफ दवडणं, हे त्याने पहिल्या भेटीतच ठरवून टाकलं होतं. तसं त्याने बऱ्याच जणांबद्दल ठरवून टाकलं होतं.

चष्म्याच्या दुकानाच्या मागच्या खोलीत, घासायच्या चाकापाशी, अंगावर पाण्याचे शिंतोडे घेत त्याचा जन्म गेला. पुढे काउंटरवर गोड बोलायला दुसरी माणसं होती. लोकांना दिसत काही नाही, फ्रेम मात्र महागाची हवी, असं त्याचं जगाबद्दल एकूण मत होतं आणि ते बदलायची वेळ त्याच्यावर कधी आली नाही. रिमोटवर पळणाऱ्या गाड्यांच्या या शर्यतीतही त्याला तेच दिसायचं. रिकाम्या गोदामात लांबच लांब टेबलं, टेबलांवर नव्याकोऱ्या गाड्या आणि प्रत्येक गाडीमागे एकेक टक्कल पडलेलं बाळ. दातांचा डॉक्टर बसायला घरून गादीची खुर्ची घेऊन यायचा. एक वकील हरला की बॅटरीवर खापर फोडायचा. आणि आता हा साडू.

साडूचं टाइल्सचं दुकान होतं. मागे एकदा घरी आला, कपाटावरची गाडी बघून "काय खेळणं आहे हो," म्हणून हसला आणि महिन्याभरात त्याहून भारी गाडी घेऊन दारात उभा राहिला. चाकाचा नट कुठल्या बाजूला पिळायचा हे त्याला अजून ठाऊक नव्हतं. नट सैल झाला की तो विकणाऱ्याला फोन करायचा.

पात्रता फेऱ्यांतून पहिले दहा जण मोठ्या फायनलला जायचे. बाकीच्यांसाठी छोटी फायनल असायची, तिला काच घासणारा 'उरलेल्यांची' म्हणायचा आणि इतकी वर्षं तो तिच्यातच खेळत आला होता. यंदा बायको पहिल्यांदाच बघायला आली होती. आणि यंदाच शेवटच्या फेरीत त्याची जुनी गाडी अशी काही पळाली, की फळ्यावर तो दहावा लागला. अकरावा साडू होता. आता फक्त साडूचाच गट पळायचा राहिला होता.

"झालं ना मग?" बायकोने विचारलं.

"त्याचं होऊ दे आधी."

"भावोजी कसले पुढे जातायत! दर वळणावर उलटे पडतात."

तो नारिंगी जाकीट चढवून ट्रॅकवर गेला. इथली रीतच होती, आपली फेरी झाली की पुढच्या गटासाठी मार्शल व्हायचं. म्हणजे वळणावर उभं राहायचं आणि उलटलेल्या गाड्या सरळ करून द्यायच्या. चालवणारे वर मचाणावर रिमोट घेऊन उभे, त्यांना खाली उतरता येत नाही. मार्शल हात लावेपर्यंत गाडी पडून राहते.

साडू बरा चालवत होता. म्हणजे गाडीच चालत होती, तो नुसता वर उभा होता. शेवटच्या चकरा उरल्या आणि उडीच्या उंचवट्यावरून येताना गाडी कलली, आपटली आणि काच घासणाऱ्याच्या बुटापाशी चाकं वर करून पडली.

अशा वेळी काय करायचं ते सगळ्यांना माहीत असतं. बुटाची नाडी बांधायची. दुसऱ्याच गाडीकडे बघायचं. वकिलाने हे किती जणांच्या बाबतीत केलं होतं. पण साडूला हे निमित्त मिळालं असतं, तर प्रत्येक घरगुती जेवणात त्याने ते वाढलं असतं: साडूभाऊंनी उचललं नाही, नाहीतर मी आलोच होतो. ती कल्पनाच काच घासणाऱ्याला सहन होईना. हरायचं तर याने स्वतःच्या कर्माने हरावं. त्याने गाडी उचलली, सरळ केली, सोडली. इतक्या झटक्यात त्याने आजवर कोणाचीच गाडी सरळ केली नव्हती.

फळ्यावर साडू दहावा लागला आणि तो अकरावा.

"काय चपळ आहात हो!" साडूने टेबलाशी येऊन त्याच्या पाठीवर थाप मारली. मग काच घासणाऱ्याच्या बायकोकडे वळून म्हणाला, "ताई, निघतो मी. एका बिल्डरला भेटायचंय."

"आणि फायनल?"

"एवढा वेळ कोण थांबतं? दहांत आलो, बास झालं." किल्ली फिरवत तो गाडीतळाकडे गेलासुद्धा.

बायको उठून उभी राहिली. "मग ती जागा तुम्हाला मिळेल ना?"

"जाणाऱ्याने स्वतः जाऊन पंचांना सांगायला लागतं. मग अकराव्याला घेतात."

"मग सांगा ना त्यांना. अजून डिकीत सामान भरतायत."

"त्याला कळत नाही?"

"नाही कळत. एक शब्द बोलायला काय जीभ झिजते तुमची?"

"त्याच्याकडे मागू मी?"

"मी जाते."

"बस खाली," तो म्हणाला. तिने त्याच्याकडे नीट पाहिलं आणि बसली. या माणसाबरोबर ती अशी बरेचदा बसली होती. बाहेर साडूने जाता जाता हॉर्न वाजवला.

उरलेल्यांची फायनल तो जिंकला. टाळ्या बायकोने एकटीने वाजवल्या. मग रीतीप्रमाणे मोठ्या फायनलसाठी त्याने पुन्हा नारिंगी जाकीट चढवलं आणि उडीपुढच्या त्याच वळणावर जाऊन उभा राहिला.

पंचाने दहावा नंबर पुकारला. पुन्हा पुकारला. सुरुवातीच्या रेषेवर खडूने आखलेल्या चौकटी होत्या, नऊंत गाड्या होत्या. दहावी रिकामी होती. आत्ता त्याला फार वाईट वाटलं. राग यायला हवा होता, पण तो नेमका आला नाही.

भोंगा वाजला. पहिल्याच चकरेत डॉक्टरची गाडी त्याच्यापुढे उलटली. त्याने वाकून ती सरळ करून दिली. कंबर धरत उठताना त्याची नजर टेबलाकडे गेली. बायकोने त्याची गाडी रुमालाने पुसून ठेवली होती, तोंड ट्रॅककडे करून.