पाचदा धुतलेली काच

सन दोन हजार सोळाच्या उन्हाळ्यात औरंगाबादेत बारा-बारा मजली इमारती उठत होत्या आणि उस्मानपुऱ्यातल्या नळाला आठवड्यातून एकदा पाणी येत होतं. तिथल्याच एका संशोधन संस्थेत वैजापूरकडची मोनिका पीएच.डी. करत होती. तीन वर्षं खपून तिनं उंदराचं एक जनुक हुडकलं होतं. मेंदू घ्या, यकृत घ्या, हृदय घ्या, ते आपलं निमूटपणे चालूच. पेशीचा रोजचा गाडा ओढणाऱ्या अशा जनुकांना घरकामी जनुकं म्हणतात. "घरकामाचं तुम्हा मुलींना काय शिकवायचं!" हा विनोद तिचे मार्गदर्शक मधुसूदन सर दर आठवड्याला करत आणि स्वतःच हसत.

आता त्या जनुकाचं प्रथिन पेशीत नेमकं कुठं बसतं, तेवढं शोधायचं राहिलं होतं. प्रथिनाला चिकटणारं प्रतिपिंड काचेवरच्या पेशींवर घालायचं, त्यावर चमकणारा हिरवा रंग, आणि मग शुद्ध पाण्यातल्या द्रावणानं काच पाचदा धुवायची, म्हणजे न चिकटलेला रंग निघून जातो. पण सरांनी फर्मान काढलं, "दुष्काळ आहे. दोनदाच धू." लिटरभर शुद्ध पाणी काढायला यंत्रातून बादल्यांनी पाणी वाहून जातं, हे खरं. पण तपासणी समिती येणार म्हणून दारातल्या हिरवळीला रोज अख्खा टँकर पाजला जात होता, हेही खरंच होतं की! तिकडं गावात तिची आई दोन हंड्यांसाठी टँकरमागं धावत होती. मोनिकाच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

दोनदा धुतलेल्या काचेवर पेशी सगळीच्या सगळी हिरवी दिसली. सर खूश. "प्रथिन पेशीभर आहे! लिही शोधनिबंध."

मोनिकानं सोबतची दुसरी काच पुढं केली. तिच्यावर प्रतिपिंड मुद्दाम घातलं नव्हतं, नुसता रंग होता. ती काळी दिसायला हवी होती. तीही हिरवीच. "सर, हा न धुतला गेलेला रंग आहे."

सरांनी बघितलंसुद्धा नाही. "समितीपुढं हेच दाखवायचंय. पदवी हवी ना? मग शहाणपण आवर."

उघड्या डोळ्यांनी खोटं छापायचं, आणि तेही तिच्या नावावर! तिला रडू आलं ते रागानं.

उंदरांचे पिंजरे सांभाळणारे सांडूमामा दारातून ऐकत होते. "किती पाणी लागंल गं, पोरी?"

"रोज दहा-बारा बादल्या, मामा. आठवडाभर."

"एवढंच व्हय? टँकरवाला माझ्या वळखीचा हाय."

समितीच्या दिवशी सर पडद्यापुढं उभे राहिले. "पेशीभर पसरलेलं प्रथिन!" मोनिकानं पुढचं चित्र लावलं. "हे बघा, पुन्हा तेच!" सरांचा आवाज चढला.

"सर, या काचेवर प्रतिपिंड घातलंच नव्हतं," मोनिका म्हणाली.

तिनं तिसरं चित्र लावलं. काळ्या पेशीत केंद्रकाभोवती तेवढं बारीक हिरवं कडं. "ही पाचदा धुतलेली काच. तीन वेळा करून पाहिलं. प्रथिन इथं बसतं."

समितीतल्या एक बाई चष्मा सावरत पुढं झुकल्या. सरांचा चेहरा उतरला. "एवढं पाणी आणलंस कुठून?" ते खेकसले.

"तुमच्या हिरवळीचं, सर," मोनिकानं खिडकीचा पडदा सारला. "तो पिवळा कोपरा दिसतोय ना? तेवढंच लागलं."