हेडसरांच्या रक्ताची फेरतपासणी

माणसाची खरी लायकी त्याच्या रक्तात असते, असं हेडसर निवृत्त होईपर्यंत वर्गात ठणकावून सांगत आले. मग त्यांच्या रक्ताचा रिपोर्ट आला आणि लायकी एकोणीस निघाली. बायकोची दोनशे बारा.

गावात गोवराची साथ होती आणि लेक नुकतीच बाळंत झालेली. बाळ लस टोचायच्या वयाचं नाही, म्हणून तिने फोनवर फर्मान काढलं होतं: आधी गोवराच्या अँटीबॉडी तपासा, मगच नातीला मांडीवर घ्या.

"साडेसोळाच्या वर म्हणजे पुरेशा, असं इथेच छापलंय," बायको म्हणाली. "पास आहात. चला, पिशवी भरून ठेवलीये."

"काठावर पास! हे तोंड घेऊन लेकीकडे जाऊ?"

"तिने गुणपत्रिका नाही मागितली. आजोबा मागितलेत."

पण ऐकतील ते हेडसर कसले! पटलं नाही तर पेपर फेरतपासणीला टाकावा, ही त्यांचीच शिकवण. त्यांनी रक्तही फेरतपासणीला टाकलं. दोन तास रांगेत बसले. दुसऱ्या लॅबने तीनशे चाळीस दिले.

"बघ! तुझ्यापेक्षा एकशे अठ्ठावीस जास्त!"

"सर, तसं नसतं," रक्त काढणाऱ्या बाई हसू दाबत म्हणाल्या. "प्रत्येक लॅबची मोजपट्टी वेगळी. इथला आकडा तिथल्या आकड्याशी लावायचा नाही. पुरेशा आहेत की नाहीत, एवढंच बघायचं. तुमच्या दोन्हीकडे आहेत."

"मग तिथे हिला दोनशे बारा कसे?"

"आजींना लहानपणी गोवर झाला असेल."

"झाला होता ना," बायको म्हणाली. "पंधरा दिवस अंथरुणात होते."

"म्हणजे आजारी पडून मेरिटात आलीस!" हेडसरांचा जीव भांड्यात पडला. मग जरा ओशाळून म्हणाले, "तू तरी पुढे जायचंस."

"आणि जन्मभर टोमणे कोण ऐकणार?"

दुसऱ्या दिवशी दोघं लेकीच्या दारात उभे राहिले. दार उघडलं आणि हेडसर सणसणीत शिंकले. पाठोपाठ दुसरी शिंक.

"बाबा, सर्दी?"

"लॅबच्या रांगेत सगळे खोकत होते गं. पण गोवराच्या तीनशे चाळीस आहेत!"

"सर्दीच्या किती?"

हेडसरांनी रुमाल नाकाला लावला. आतून नात रडली. बायकोने पिशवी उचलली आणि त्यांच्याबरोबर परत फिरली.

सर्दी नऊ दिवस राहिली.