सगळीकडे तीन

सकाळी नऊपर्यंत मी बोलत नाही. एकवीस वर्षांचा नेम आहे. नऊला पहिला शब्द देवाचा, मग माणसांचा. बसच्या कचेरीत प्रवाशांची मतं टिपायचं काम मिळालं तेव्हा माझी फेरी दहाची होती. पुढे ती साडेसातची झाली आणि मी गप्प राहिले.

त्या बसमध्ये उजवीकडे कोऱ्या सीट होत्या. डावीकडच्या सीट जुन्याच, पण सोलून, आतला फोम दळून पुन्हा भरलेल्या. त्या भरणाऱ्या कारखान्यात माझी नणंद कव्हरं शिवते. लोकांना डावीकडच्या आवडल्या तर सगळ्या बसच्या जुन्या सीट त्यांच्याकडे जाणार. नाही आवडल्या तर सीट भंगारात आणि त्यांचा विभाग बंद. उतरणाऱ्याला सीट कशी वाटली ते विचारायचं आणि फॉर्मवर एक ते पाचपैकी एका आकड्याला गोल करायचा, एवढंच माझं काम.

पहिल्या सकाळी मी मुकाट्याने फॉर्म पुढे केला. एक गृहस्थ म्हणाले, "माफ करा ताई, परवाच मदत केली." एका बाईंनी तो घडी घालून पर्समध्ये ठेवला. मग मी चेहरे बघून लिहायला लागले. त्या वेळी सगळ्यांचेच चेहरे आंबलेले. पाच लिहावेत तर नणंदेची बाजू घेतल्यासारखं, एक लिहावा तर तिच्या पोटावर पाय. म्हणून तीन. सहा आठवडे सगळीकडे तीन. मधला आकडा म्हणजे काही खोटं नाही, अशी देवापुढे बसून मी स्वतःची समजूत घातली.

सोमवारी संध्याकाळी वन्सं आल्या.

"पत्र आलं, वहिनी. प्रवाशांना विशेष पसंत नाहीत म्हणे. महिनाअखेर बंद." त्यांनी पाणी मागून घेतलं. "फोरमन म्हणतात, एक संधी मागून बघू. काय खुपतंय तेवढं कळलं तर दुरुस्त करू. शिवण टोचते का? वास येतो का? तू तर रोज ऐकलंयस."

मी ताटं पुसत राहिले. पुसलेलंच ताट पुन्हा पुसलं.

"अगं, बोल की. नऊ कधीच वाजून गेले," त्या हसून म्हणाल्या. "दादाला मी नेहमी सांगते, घरात खोटं न बोलणारं एकच माणूस आहे, आणि ते तू नव्हेस, वहिनी आहे."

"वन्सं, मी कुणाला विचारलंच नाही."

"मग काय बसमध्ये झोपा काढल्यास?"

"नेम होता. सगळीकडे तीन लिहिले."

त्यांचं हसू तसंच राहिलं, नुसतं ओठांवर. पेला खाली ठेवत त्या म्हणाल्या, "मला सांगायचंस. मी आले असते विचारायला." ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. दारात चपला घालताना पाठमोऱ्याच म्हणाल्या, "कचेरीत तूच सांग. मी नाही सांगणार."

कचेरीतल्या मोठ्या बाई सकाळी आठला भेटतात, मग दिवसभर डेपोत. मी आठला गेले. एकवीस वर्षांत त्या वेळी पहिल्यांदा तोंड उघडलं, आणि निघाला तो शब्द देवाचा नव्हता. "बाई, ते फॉर्म खोटे आहेत." बाईंनी चष्मा काढला, पुन्हा लावला. फॉर्म रद्द झाले. दोन आठवडे पुन्हा मोजणी होणार होती, पण दुसऱ्या कुणाच्या हातून. मी माझं ओळखपत्र टेबलावर ठेवलं.

घरी जायला तीच बस मिळाली. सहा आठवडे मी दाराशी उभी असायचे. त्या दिवशी तिकीट काढून डावीकडे बसले. तिसऱ्या थांब्यापर्यंतच कळलं.

नऊला अजून पाच मिनिटं होती. मी वन्संना फोन लावला.

"गुडघ्याच्या मागे शिवण टोचते," मी म्हटलं. "बाकी सीट चांगली आहे."

पलीकडे मशीनचा आवाज थांबला.

"खिडकीकडच्या सीटची," त्यांनी विचारलं, "का दोन्हींची?"

मी उठून दुसऱ्या सीटवर जाऊन बसले.